घराचं छप्पर निवडताना : आपलं ऊन, आपला पाऊस आणि नवीन 'शिंगल्स'
(परिसर अभ्यास व सामान्य विज्ञान – इयत्ता ५ वी ते ८ वीसाठी पूरक पाठ)



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे दोन कामं हमखास निघतात. एक गावी जायचं आणि दुसरं छपराचं. पाऊस यायच्या आत गळती काढायची, फुटलेली कौलं बदलायची, गच्चीवर पत्रा टाकायचा, नाहीतर गावच्या घराला सगळं छप्परच नवीन करायचं. डोंबिवलीतल्या कितीतरी कुटुंबांचं एक घर इथे आणि दुसरं कोकणात, मुरबाडकडे किंवा कर्जतच्या बाजूला असतं. अशा घरांसाठी हल्ली एक नवीन शब्द कानावर येतो, तो म्हणजे 'शिंगल्स'. दिसायला परदेशी बंगल्यासारखं, वजनाला हलकं, दरवर्षी शाकारणीची कटकट नाही, असं सांगितलं जातं. मग पालक विचारतात, "बाई, हे आपल्या उन्हात चालेल का हो?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर शोधताना भूगोल, विज्ञान, गणित आणि व्यवहारज्ञान असं सगळं लागतं. म्हणून आजचा पाठ याच प्रश्नावर घेऊया.

पाठाची उद्दिष्टे

१. आपल्या परिसरातील छपरांचे प्रकार ओळखणे.
२. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण छपराच्या उदाहरणातून समजून घेणे.
३. छपराचा रंग, उतार आणि त्याखालची हवा यांचा घरातल्या उकाड्याशी संबंध लावणे.
४. एखादी वस्तू विकत घेताना कोणते प्रश्न विचारावेत हे शिकणे.

हा विषय मुलांसाठी का महत्त्वाचा?

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. पहिल्याच तासाला काही मुलं पेंगत असतात. आपण म्हणतो, रात्री मोबाइल बघत बसली असतील. कधी तेही खरं असतं. पण पत्र्याच्या खोलीत किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला विचारून पाहा. खोली रात्री बारा-एकपर्यंत निवत नाही, पंखा गरम हवा फिरवत राहतो, मग झोप लागणार कधी? याच महिन्यांत वार्षिक परीक्षा असतात. म्हणजे छप्पर हा फक्त बांधकामाचा विषय राहत नाही, तो अभ्यासाचा आणि आरोग्याचाही होतो. शिवाय छपरासाठी काढलेला पैसा साध्या कुटुंबाला पुन्हा लवकर काढता येत नाही. चुकीची निवड झाली तर दहा-वीस वर्षं तिच्याखालीच राहावं लागतं.

आपल्या आजूबाजूची छपरं

मुलांना सांगा, शाळेच्या गच्चीवरून किंवा रेल्वेच्या पुलावरून एकदा सगळीकडे नजर फिरवा. डोंबिवलीत साधारण चार प्रकारची छपरं दिसतील.

१. मंगलोरी कौलं : जुन्या चाळी, बैठी घरं आणि आजूबाजूच्या गावांतली घरं. ही कौलं मूळ आपल्याकडची नव्हेत. आपल्याकडे कुंभाराने घडवलेली नळीची कौलं असायची. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने मंगळूरला नेत्रावती नदीकाठी कौलांचा कारखाना काढला. तिथल्या चिकणमातीची साच्यात दाबून भाजलेली, एकमेकांत अडकणारी ही कौलं जहाजांतून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. आज आपण ज्याला 'पारंपरिक कोकणी घर' म्हणतो, त्याचं छप्परही कधीकाळी नवीन आलेलंच होतं. ते टिकलं, कारण ते इथल्या हवेला मानवलं.

२. सिमेंटचे पत्रे : बैठ्या चाळी, गाळे, गोदामं.

३. लोखंडी किंवा रंगीत पत्रे : गच्चीवरच्या शेड, नवीन वाढवलेल्या खोल्या.

४. स्लॅब : बहुतेक सगळ्या इमारती.

पाचवा प्रकार थोडा शोधावा लागतो. काही बंगल्यांच्या उतरत्या छपरांवर खवल्यांसारखे चपटे, खडबडीत तुकडे एकावर एक बसवलेले दिसतात. लोणावळा-खंडाळ्याकडचे बंगले आणि रिसॉर्ट यांवर ते जास्त दिसतात. हेच शिंगल्स.

शिंगल म्हणजे नेमकं काय?

'कंपोझिट' म्हणजे एकापेक्षा जास्त पदार्थ मिळून केलेलं. नेहमीच्या शिंगलमध्ये मधोमध काचतंतूंची जाळी असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी डांबराचा थर चढवतात आणि वरच्या बाजूला बारीक रंगीत खडे दाबून बसवतात. या खड्यांमुळे रंग येतो आणि खालच्या डांबराचं उन्हापासून संरक्षण होतं. खडे झडले की डांबर उघडं पडतं, उन्हाने ते कडक होतं आणि त्याला भेगा जातात. प्लास्टिक किंवा रबरापासून केलेले, पाषाणाच्या किंवा लाकडाच्या फळीसारखे दिसणारे शिंगल्सही याच नावाने विकले जातात. म्हणून पहिला प्रश्न हा, की समोरचा माल डांबरी आहे की प्लास्टिकचा?

एक गोष्ट मुलांच्या आणि मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. कौल रिपांवर नुसतं ठेवलं तरी बसतं. शिंगल तसं बसत नाही, कारण ते लवचीक असतं. त्याला खाली सलग फळी लागते. म्हणजे वासे, त्यावर प्लायवूड, त्यावर पाणी अडवणारा कागद आणि मग खिळ्यांनी ठोकलेलं शिंगल. विकत घेताना आपण फक्त वरचा थर बघतो. घर मात्र सगळ्या थरांखाली उभं असतं. आजच्या पाठाचा मुख्य मुद्दा हाच आहे : छपराचा नुसता माल निवडायचा नसतो, छपराचे सगळे थर निवडायचे असतात.

सूर्य डोक्यावर येतो तेव्हा

शिंगल्स मोठ्या प्रमाणावर वापरात आले ते विसाव्या शतकात अमेरिकेत. न्यूयॉर्क शहर ४० अक्षांशाच्या थोडं वर आहे. तिथे सूर्य वर्षात एकदाही बरोब्बर डोक्यावर येत नाही, कारण तो कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंशांच्या, पलीकडे जात नाही. डोंबिवली साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. आपल्याकडे तो वर्षात दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्यावर, १६ तारखेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैत ढग असतात, त्यामुळे तो दिवस आपल्याला दिसतच नाही. मे महिन्यात मात्र आभाळ मोकळं असतं.

आता विचार करा. सूर्य डोक्यावर असताना भिंतींवर थेट ऊन जवळजवळ पडत नाही. सगळं ऊन पडतं छपरावर. म्हणून आपल्याकडे घर तापण्यात छपराचा वाटा मोठा असतो आणि वरच्या मजल्यावरच्या घराला खालच्यापेक्षा जास्त उकाडा सोसावा लागतो.

किती ऊन पडतं? थोडं गणित करू. स्वच्छ आभाळ असताना भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. आपली घरातली इस्त्री साधारण १००० वॅटची असते. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट, म्हणजेच ११ चौरस मीटर. तर त्या एका खोलीच्या छपरावर ११ इस्त्र्या चालू करून ठेवल्यासारखं झालं! ही सगळी उष्णता आत येत नाही. काही परत फेकली जाते, काही वारा घेऊन जातो. पण किती परत फेकायची हे छपराचा रंग ठरवतो.

रंग : सगळ्यात स्वस्त थर

गडद काळा किंवा तपकिरी शिंगल अंगावर पडलेल्या उन्हापैकी साधारण ९० टक्के शोषून घेतो. म्हणजे ११ पैकी १० इस्त्र्या चालूच. नवीन पांढरा परावर्तक रंग ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवतो. म्हणजे ११ पैकी उरल्या दोन-तीन. गडद छपराचा पृष्ठभाग कडक उन्हात ६५ अंश सेल्सिअसच्याही पुढे जातो. हात लावला तर चटका बसेल इतका.

थंड देशात गडद छप्पर लोकांना नकोसं वाटत नाही, उलट थोडी ऊब मिळते. आपल्याकडे तेच छप्पर शिक्षा होतं. अमेरिकेतही जिथे कडक ऊन आहे तिथे लोकांनी हे ओळखलं. लॉस एंजेलिस शहराने २०१३ च्या डिसेंबरमध्ये नवीन घरांना ऊन परतवणारी छपरं बंधनकारक करणारा नियम केला. ऊन परतवणारे खास खडे लावलेले 'कूल' शिंगल्सही बाजारात आहेत. ते साध्या गडद शिंगलच्या दुप्पट-तिप्पट ऊन परत पाठवतात, पण पांढऱ्या रंगाची बरोबरी करत नाहीत. तेव्हा शिंगल्स घ्यायचेच असतील तर फिकट राखाडी, वाळूसारखा किंवा पांढरट रंग घ्यावा. नमुन्याच्या पुस्तकात गडद रंग जास्त उठून दिसतो, पण पुस्तकाखाली आपल्याला झोपायचं नसतं.

आपल्या देशातली उदाहरणं तर आणखी जवळची. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादने भीषण उष्णतेची लाट अनुभवली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा तयार केला. पुढे त्याच कामाचा भाग म्हणून वस्त्यांमधल्या घरांच्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीम सुरू झाली. तेलंगणा राज्याने तर २०२३ मध्ये 'कूल रूफ' धोरणच जाहीर केलं. म्हणजे ज्याला आपण 'नुसता चुना' म्हणतो, त्याची दखल सरकारनेही घेतली आहे.

चुना स्वस्त, पण आपल्या पावसात धुऊन जातो. त्यामुळे दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावा लागतो. बाजारातला परावर्तक रंग महाग पडतो पण काही वर्षं राहतो. त्यावर धूळ आणि शेवाळ साचलं की त्याचं काम कमी होतं, म्हणून तो मधूनमधून धुवावा लागतो. इमारतीच्या गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशीचं चायना मोझॅक केलं तर गळतीही थांबते आणि ऊनही परततं.

हवा : फुकटचा थर

जुन्या कौलारू घरात गेल्यावर बरं का वाटतं? कौल जाड असतं म्हणून? नाही. दोन कौलांच्या फटींतून गरम हवा सतत बाहेर जात असते. छप्पर उंच असतं, त्यामुळे गरम हवा वर आढ्याकडे जमते आणि माणसं खाली राहतात. माळा असेल तर तो मधला पडदा होतो. उष्णतेचं अभिसरण शिकवायला यापेक्षा चांगलं चित्र नाही.

शिंगलच्या छपराला फटी नसतात. ते सलग आणि बंद असतं. म्हणून त्याखाली हवेची वाट मुद्दाम करून ठेवावी लागते. वळचणीपाशी हवा आत यायला जागा आणि आढ्यापाशी बाहेर जायला जागा. मध्ये छत घालून पोकळी ठेवायची. ही वाट नसेल तर दोन नुकसानं होतात. एक, घर भट्टीसारखं तापतं. दोन, खालून आणि वरून भाजून शिंगलचंही आयुष्य कमी होतं. म्हणूनच अनेक कंपन्यांच्या हमीपत्रात हवा खेळती असण्याची अट असते. तीस वर्षांची हमी मोठ्या अक्षरात असते आणि ही अट बारीक अक्षरात. ती मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. आकलनाचा चांगला सराव होईल!

पत्र्याच्या खोलीलाही हेच लागू पडतं. तापलेला पत्रा खाली माणसाच्या अंगावर थेट उष्णता फेकतो. हे प्रारण. मध्ये बांबूच्या तट्ट्याचं किंवा जिप्सम बोर्डाचं छत घालून वर वीतभर पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना जाळी बसवली, तर फरक लगेच जाणवतो. चमकदार फॉइल लावणार असाल तर तिच्या चमकत्या बाजूला हवेची पोकळी हवी. पत्र्याला चिकटवून टाकली तर तिचा उपयोग फार कमी होतो. आणि थर्माकोलचं छत टाळा. स्वस्त पडतं, पण आग लागली तर झपाट्याने पेटतं आणि वितळून अंगावर पडतं.

पत्रा की स्लॅब, कोण जास्त त्रास देतं?

या प्रश्नावर वर्गात छान चर्चा होते. लोखंडी पत्रा पातळ असतो. तो लगेच तापतो आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. त्याचा त्रास दुपारी. स्लॅब जाड असतो. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खाली सोडत राहतो. त्याचा त्रास रात्री, म्हणजे मुलांच्या झोपेच्या वेळेला. त्यात आपली हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही. म्हणून छप्पर तपासताना तीन वेळा तपासावं : मेच्या दुपारी, मेच्या रात्री आणि जुलैच्या पावसात. विकणारा आपल्याला बहुतेक वेळा यातली एकच वेळ दाखवतो.

पाऊस आणि वारा : अर्धी परीक्षा इथे

आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ते आपल्या पिढीला विसरता येणार नाही. त्यामुळे नुसतं थंड राहणारं छप्पर आपल्याला पुरत नाही.

'आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच' असं आपण म्हणतो. पण वादळी वाऱ्यात पाणी उलटंही चढतं आणि शिंगलच्या खाली घुसू शकतं. म्हणून उतार महत्त्वाचा. शिंगल्ससाठी आडव्या १२ इंचांना निदान ४ इंच चढ असावा. २ ते ४ इंचांच्या मध्ये असेल तर खालचा कागद दुहेरी घालावा लागतो आणि २ इंचांपेक्षा कमी असेल तर शिंगल्स घालूच नयेत. सपाट गच्चीसाठी हा माल नव्हेच.

वाऱ्याचं काय? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी घरांची कौलं आणि पत्रे उडून गेले. मंगलोरी कौल अडीच-तीन किलोचं असतं. एका चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास वजन. शिंगल्स आणि प्लायवूड मिळून त्याच्या साधारण निम्मं भरतं. हलकं असणं वाशांना बरं, पण वाऱ्यात टिकायला मग खिळ्यांवर आणि चिकटण्यावर भिस्त ठेवावी लागते. एका शिंगलला एरवी चार खिळे मारतात. वाऱ्याच्या जागी सहा मारावेत, आणि ते गंज न लागणारे असावेत. शिंगलला डांबरी गोंदाची एक पट्टी असते. ती उन्हाने मऊ होऊन वरचं आणि खालचं शिंगल एकमेकांना चिकटवते. इथे आपलं ऊन कामाला येतं! म्हणून हे काम दिवाळीनंतर काढून एप्रिलपर्यंत संपवावं. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने केलेलं काम पहिल्या वादळात उघडं पडतं.

आणखी दोन शत्रू आहेत, शेवाळ आणि वाळवी. दमट हवेत शिंगल्सवर काळे ओघळ येतात. तांब्याचे खडे मिसळलेले शिंगल्स घेतले तर ते कमी येतात. खालचं प्लायवूड साधं असेल तर दोन-तीन पावसाळ्यांत ते फुगू शकतं. पाण्याला टिकणारं, मरीन दर्जाचं प्लायवूडच घ्यावं. वरचं शिंगल धडधाकट आणि खालची फळी कुजलेली, असं छप्पर काय कामाचं?

मग निवडायचं काय?

सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. घर बघून ठरवावं लागेल.

• इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर शिंगल्सचा विचारच नको. सोसायटीच्या सभेत गच्चीला पांढरं चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग देण्याचा विषय मांडा. गच्चीवर शेड टाकायची असेल तर आधी सोसायटी आणि महापालिका यांच्या परवानगीचं बघा.

• पत्र्याची खोली असेल, तर आधी पांढरा रंग आणि आतून पोकळी ठेवून छत. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो.

• गावचं कौलारू घर असेल आणि वासे धड असतील, तर कौलं काढण्याची घाई करू नका. फुटलेलं एक कौल बदलता येतं, गळणारी जागा सापडते आणि हवा आपोआप खेळते. शाकारणीला माणसं मिळत नाहीत ही अडचण खरी आहे, पण छप्पर बदलण्याआधी एकदा नीट दुरुस्ती करून बघा.

• नवीन उतरतं छप्पर बांधायचं असेल, तर शिंगल्स चालतील. पण चार अटींवर : रंग फिकट, उतार पुरेसा, खाली हवेची वाट आणि पाण्याला टिकणारी फळी. चारपैकी एकही गोष्ट बजेटमध्ये बसत नसेल तर कौलं किंवा फिकट रंगाचा पत्रा बरा.

विक्रेत्याला विचारायचे सहा प्रश्न

(मुलांना विक्रेता आणि ग्राहक बनवून संवाद करून घ्या.)

१. या रंगाचं शिंगल किती टक्के ऊन परत पाठवतं? कागदावर दाखवा.
२. माझ्या छपराचा उतार मोजलात का? तो किती आहे?
३. खाली कोणतं प्लायवूड आणि कोणता कागद घालणार? तो खर्च धरला आहे का?
४. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार?
५. हमी कोण पाळणार, परदेशी कंपनी की इथला वितरक? कोणत्या अटींवर?
६. दोन-तीन पावसाळे पाहिलेलं तुमचं एखादं छप्पर दाखवाल का? शक्यतो दुपारी दोन वाजता.

सहावा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या घरात दुपारी दहा मिनिटं बसून यावं.

वर्गातील उपक्रम

उपक्रम १ – तीन खोके. एकसारखे तीन पुठ्ठ्याचे खोके घ्या. पहिल्याच्या झाकणावर काळा कागद, दुसऱ्याच्या झाकणावर पांढरा कागद लावा. तिसऱ्याच्या झाकणावर काळा कागद लावलेला पुठ्ठा दोन बोटं उंचीवर ठेवा, म्हणजे मध्ये हवा राहील. प्रत्येकात एक डिजिटल तापमापी ठेवा. पाऱ्याची नको. सकाळी १० ते दुपारी १२ दर वीस मिनिटांनी नोंद घ्या आणि आलेख काढा. सकाळची शाळा असेल तर हा प्रयोग फेब्रुवारीतच उरकावा.

उपक्रम २ – शून्य सावली. सुट्टी असल्याने हा पालकांनी घरी करून घ्यावा. मेच्या मध्यावर दुपारी १२ पासून एका तासात दर पाच मिनिटांनी उभ्या बाटलीची सावली बघा. साडेबाराच्या थोडं पुढे ती जवळपास नाहीशी होते. मुलांना टोपी आणि पाणी द्यायला विसरू नका.

उपक्रम ३ – छपरांची मोजणी. शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या शंभर छपरांची प्रकारानुसार नोंद करून स्तंभालेख काढा.

इथे शिक्षकांना एक विनंती. मुलांना सगळ्यांसमोर "तुझ्या घराचं छप्पर कसलं?" असं विचारू नका. पत्रा म्हटल्यावर काही मुलं मान खाली घालतात. मोजणी परिसराची करावी, मुलांच्या घरांची नव्हे. आणि शिकवताना कोणतंही छप्पर 'गरिबांचं' किंवा 'श्रीमंतांचं' म्हणू नये. गरम, थंड, गळकं, टिकाऊ हे शब्द पुरेसे आहेत.

सुरक्षिततेच्या सूचना (हे जरूर सांगा)

• चेंडू पत्र्यावर गेला तर वर चढायचं नाही. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण जुना झाला की माणसाच्या वजनाने एकदम तुटतो.

• जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्व प्रकारचं ॲस्बेस्टॉस कर्करोगाला कारण ठरतं. असा पत्रा कोरडा घासायचा, कापायचा किंवा त्याला भोकं पाडायची नाहीत. रंग देण्याआधी कोरडा ब्रश मारू नये. काढायचा झाला तर जाणकार माणसाकडून, पाणी मारून, अखंड काढून घ्यावा. तुकडे प्रयोगासाठी शाळेत आणू देऊ नयेत.

• दुपारच्या उन्हात शिंगलच्या छपरावर चालू नये. डांबर मऊ झालेलं असतं. पायाचे ठसे उमटतात आणि खडे सुटतात.

स्वाध्याय

१. कारण द्या : स्लॅबच्या घरात रात्री उशिरापर्यंत उकडतं.
२. १५ बाय २० फुटांच्या छपरावर भर दुपारी साधारण किती इस्त्र्यांइतकं ऊन पडेल? (१ चौरस मीटर म्हणजे साधारण १०.८ चौरस फूट.)
३. कौलारू छपरातून हवा कशी खेळते ते आकृती काढून दाखवा. वासा, रीप, आढं, वळचण ही नावे द्या.
४. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी घराचं छप्पर कसलं होतं? पावसाआधी काय काय कामं करावी लागत?
५. तुमच्या घरातला उकाडा शंभर रुपयांत कमी करायचा असेल तर काय कराल? तीन उपाय लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं पालकांनी नक्की वाचावीत. ओली गोणपाटं, चुना, खिडकीला जुनी साडी, गच्चीवर वेल चढवणं, अशी उत्तरं येतात, आणि त्यातली बरीचशी खरंच उपयोगी असतात. छप्पर नवीन करायला पैसे जमेपर्यंत येणाऱ्या उन्हाळ्यात मुलांना नीट झोप लागली, तर त्या पाठाचे गुण आपल्याला मिळाले असं समजायला हरकत नाही.